लहान पोरांच्या मालिकेचं टायटल गावात, फोनवर कसं बनवायचं

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट होता, लहान मुलांच्या टीव्ही मालिकेची ओपनिंग बनवा. म्हणजे मालिका नाही, फक्त सुरुवातीचं टायटल, एका मिनिटाच्या आत, सगळं स्वतः शूट केलेलं आणि आवाज पण आपलाच. मी ते आमच्या गावात केलं, यवतमाळ जिल्ह्यात, एका फोनवर, आणि यंदाच्या ज्युनिअर पोरी सारख्या विचारून राहिल्या की ताई नेमकं सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवात आवाजापासून करा. कॅमेरा नंतर.

हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या खेपेला मी उगवता सूर्य, वावरातलं धुकं, बैलबंडी असे छान छान शॉट घेतले, खाली नेटवरचं फुकटातलं गिटार लावलं, आणि सरांनी बघून एवढंच विचारलं की हे कोणासाठी आहे? मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर संध्याकाळी ओसरीत बसले होते, टीव्ही समोरच्या खोलीत चालू होता आणि पोट्टे सगळे अंगणात भवरे खेळत होते, टीव्हीसमोर एकही नाही. मग आत कोणत्या तरी कार्टूनचं गाणं वाजलं आणि तिघं जणं भवरा तसाच फिरता टाकून आत पळाले. चित्र तर त्यांना दिसतच नव्हतं! तेव्हा डोक्यात बसलं की लहान पोरांचं टायटल म्हणजे हाक आहे, आई अंगणात हाक मारते तशी, आणि हाक कानाला ऐकू येते. मोठ्यांच्या मालिकेचं टायटल सुरू असताना माणूस आधीच सोफ्यावर बसलेला असतो, पोरगं बाहेर असतं.

म्हणून रिसर्च पण तसाच करा. पाच-सहा टायटल घ्या, प्रत्येक एकदा डोळे मिटून ऐका आणि एकदा आवाज बंद करून घड्याळ घेऊन बघा. वहीत दोन रकाने पाडा, कोणत्या सेकंदाला काय दिसलं आणि काय ऐकू आलं. दूरदर्शनच्या मालगुडी डेजचं टायटल मी असं कितीदा बघितलं, त्यात आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आहेत आणि ती धून, जिला शब्दच नाहीत, पोरं नुसतं तानाना करत म्हणू शकतात. वाचता न येणाऱ्या चार वर्षांच्या पोराला सुद्धा म्हणता येईल अशी गोष्ट त्यात आहे, हे मी वहीत लाल पेननं लिहून ठेवलं होतं.

आता गोष्ट. मालिका बनवायची नसली तरी गोष्ट एका ओळीत पक्की पाहिजे, नाहीतर शॉट कशाचे घ्यायचे ते ठरत नाही. माझी ओळ अशी: तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री एका पोराचा लाकडी नंदी हरवतो आणि चार मित्र तो शोधायला निघतात. नाव ठेवलं 'नंद्या हरवला'. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा पोळा असतो, चाकं लावलेले लाकडाचे बैल, त्यांना झूल, शिंगांना बेगड, पोरं ते दोरीनं ओढत घरोघर फिरतात आणि लोक बोजारा म्हणून पैसे देतात. गोष्ट निवडताना एक बघा, हरवल्यावर पोरगं खरंच रडेल अशी वस्तू त्यात आहे का. जगाला वाचवायचं वगैरे लहान पोराला लांबचं वाटतं, पण नंदी हरवला म्हणजे उद्या सगळ्यांमध्ये रिकाम्या हातानं उभं राहायचं, हे त्याला लगेच कळतं.

आवाज कसा बांधायचा ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळं काम यातच आहे. लाकडी नंदी सिमेंटच्या रस्त्यावर ओढला की चाकं खडखड करतात, सारवलेल्या अंगणात ओढला की आवाज जवळजवळ मरतो. मी ग्रामपंचायतीसमोरचा सिमेंटचा तुकडा निवडला, पहाटे साडेपाचला, मोटरपंप आणि गाड्या सुरू व्हायच्या आधी, फोन नंदीच्या मागे हातभर अंतरावर धरून वाकून चालत गेले. फोनच्या माइकवर स्पंजचा तुकडा रबरानं बांधा, हवेचा फरफर आवाज बराच कमी होतो. पाच मिनिटं रेकॉर्ड केलं तर त्यातला चार सेकंदांचा एक तुकडा मिळतो जो परत परत जोडता येतो, तोच माझा ताल झाला.

त्यावर झडतीचा, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या गाण्याचा सूर. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की म्हातारे झडत्या म्हणतात आणि शेवटी सगळे मिळून 'हर बोला हर हर महादेव' म्हणतात, तो चढता सूर आमच्याकडच्या प्रत्येक पोराच्या कानात बसलेला आहे. मी आबांकडून चाल समजून घेतली आणि त्या वजनावर चार नवीन ओळी लिहिल्या नंद्याच्या, कारण जुन्या झडत्यांमध्ये कधी कधी एकमेकांना टोमणे असतात, ते लहान पोरांच्या तोंडी नको. फिल्मी गाणं लावायचा मोह होतो पण लावू नका, आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणारा गेल्यावर सुद्धा ६० वर्षं राहतो. लोकगीताची चाल सगळ्यांची असते, पण कोणी केलेलं त्याचं रेकॉर्डिंग हे त्याचं असतं, म्हणून रेकॉर्डिंग आपलंच करा.

पोरांचा कोरस मी दोनदा रेकॉर्ड केला. पहिल्यांदा समाज मंदिरात, तिथं इतका घुमला की शब्दच कळेनात. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच घरी, ज्या खोलीत कापूस ठेवलेला होता तिथं. ही खोली म्हणजे खरंच स्टुडिओ आहे, तीन भिंतींना छातीपर्यंत कापूस, आवाज बाहेर पडला की तिथंच जिरतो, प्रतिध्वनी नावाला नाही, पोट्ट्यांचा श्वास घेतलेला सुद्धा ऐकू येतो. कापूस नसेल तर गोधड्या टांगा. पण कापसाच्या खोलीत पोरांना पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसवू नका, अंग खाजवते आणि धुळीनं खोकला येतो, आणि आगपेटी, मोबाइलचा चार्जर, वायर यातलं काहीच आत न्यायचं नाही. फोन फुल चार्ज करूनच जा.

डफडं काकाच्या पोरानं वाजवलं. इथं एक हिशोब लक्षात ठेवा, ज्यानं पुढचं एडिटिंग अर्ध्यावर आलं. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे २५ स्थिर चित्रांचं असतं, ताल मिनिटाला १०० ठोके धरला तर एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो, पुरा, अपूर्णांक नाही. १२० धरला तर साडेबारा फ्रेम येतात आणि कट दर वेळी थोडासा घसरत जातो. मेट्रोनोमचं, म्हणजे टकटक करून ताल देणारं, फुकट ॲप भेटते, ते इअरफोनमध्ये लावून वाजवायला सांगा. चार ठोक्यांचा एक डबा म्हणजे २.४ सेकंद. मी वहीच्या एका पानावर असे १६ डबे आखले, १६ गुणिले २.४ म्हणजे ३८.४ सेकंद, आणि शेवटी थोडी शांतता, झाले ४० सेकंद. ते १६ डब्यांचं पान म्हणजेच माझा स्टोरीबोर्ड. चित्रकला येत नसेल तरी चालते, काड्यांची माणसं काढा, पण प्रत्येक डब्यात कॅमेरा किती उंचीवर आहे तो बाण नक्की काढा.

मग लगेच शूटिंगला पळू नका. त्या डब्यांचे फोटो काढा, एडिटिंग ॲपमध्ये आवाजाच्या खाली लावा आणि बघा. ही कच्ची फिल्म बनवायला एक संध्याकाळ लागते आणि तिच्यात सगळं उघडं पडते. माझ्या कच्च्या फिल्ममध्ये चौथ्या ते नवव्या डब्यापर्यंत चारही पोरांची ओळख होती आणि बघताना नंदी कोणाचा तेच कळत नव्हतं. म्हणून मी ओळख तीन डब्यांत आणली, तोंडाकडे बघून हसणारे शॉट काढून टाकले आणि प्रत्येकाला एकेक काम दिलं: एक बेगड चिकटवते, एकाची दोरी तुटते अन् तो दातानं गाठ मारते, दोघं जणं एकाच डब्यात झूल ओढून भांडतात. हात काय करतात त्यावरून पोरगं कसं आहे ते दीड सेकंदात कळते.

डबे असे झाले. पहिल्यात पूर्ण काळं, फक्त चाकांची खडखड. दुसऱ्यात चाक, एकदम जमिनीवरून. तिसऱ्यात दोरी आणि छोटासा हात. चार ते सहा पोरं. सात-आठ पोळ्याची गर्दी. नऊला रात्र, दहाला गोठा आणि टॉर्च. अकराव्यात रिकामी जागा आणि धुळीत चाकांच्या दोन रेघा, इथं डफडं थांबते. बाराव्यात नंदी एकटाच चाललेला दिसते. तेरा-चौदा पोरं पऱ्हाटीतून, म्हणजे उभ्या कापसातून पळतात. पंधरा-सोळा नाव.

गर्दीचे शॉट पोळ्याच्याच दिवशी घ्यावे लागतात आणि रिटेक नाही. तोरण तुटलं की सगळं दहा मिनिटांत पांगते. मी आदल्या दिवशी जागा बघून ठेवली, फक्त तीन शॉट ठरवले, आणि बैलांच्या मागे उभं राहायचं नाही हे आईनं दहा वेळा बजावलं होतं ते पाळलं. जास्त शॉट घेत बसले असते तर एकही धड झाला नसता.

कॅमेऱ्याची उंची हा माझा हट्ट आहे, आणि तुम्ही पण धरा. आठ-नऊ वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात. मी एका बांबूला त्या उंचीवर लाल दोरा बांधला आणि प्रत्येक शॉटच्या आधी फोन त्या दोऱ्याशी लावून बघितला. भाद्रपदात पऱ्हाटी आपल्या कमरेच्या वर असते, उभ्यानं शूट केलं तर ते नुसतं हिरवं वावर दिसते, लाल दोऱ्यावरून शूट केलं तर तेच जंगल होते, पानं तोंडावर येतात आणि पुढं काय आहे ते दिसत नाही. एक पैसा खर्च न करता भीती तयार होते. मोठी माणसं फ्रेममध्ये आली तर त्यांचे कमरेखालचेच भाग येऊ द्या, धोतर, लुगड्याचे काठ, टायरच्या चपला, लहान पोराला जग तसंच दिसते.

पण त्याच वावराबद्दल एक गोष्ट, ही टाळू नका. हे दिवस फवारणीचे असतात. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले आहेत, त्यामुळे कोणाच्याही वावरात पोरं नेण्याआधी मालकाला विचारा की शेवटची फवारणी कधी झाली, बाजूच्या वावरात सुद्धा. आम्ही ज्या ओळीत शूट केलं ती आमचीच होती आणि त्या महिन्यात तिथं काहीच मारलेलं नव्हतं. बूट घाला, आधी मोठ्या माणसानं काठी आपटत ओळीतून जाऊन यावं, पावसाळ्यात साप असतात.

पोरांच्या आई-बाबांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको: काय शूट करणार, कुठं दाखवणार, पोराचं नाव द्यायचं की नाही. बाल कलाकारांसाठी २०१७ च्या नियमांत दिवसाला ५ तासांच्या वर नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही अशी मर्यादा आहे. माझं मत विचाराल तर गावातल्या पोरांबरोबर दीड तास खूप झाला, सकाळी साडेसहा ते आठ, तेव्हा उजेड पण तिरपा आणि मऊ असतो, त्यानंतर ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि पोट्टे कंटाळतात. शूटिंग झाल्यावर पोहे आणि चहा, हे बजेटमध्ये पहिलं लिहा.

फोनच्या सेटिंगचं थोडक्यात सांगते. आडवा धरा. शक्य असेल तर २५ फ्रेम, फोनच्या कॅमेऱ्यात नसेल तर ओपन कॅमेरासारखं ॲप टाकून बघा, तरीही नाही झालं तर ३० वर शूट करा आणि सगळं ३० वरच ठेवा, मग १०० च्या तालाचा एक ठोका १८ फ्रेमचा होतो, ते पण पुरं आहे. दोन्ही मिसळू नका. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि रंग लॉक करा, मधेच आपोआप बदलायला नको. रात्री ट्यूब किंवा एलईडीखाली चित्र लपलप करत असेल तर शटर सेकंदाचा पन्नासावा नाहीतर शंभरावा भाग ठेवा, आपली लाईन ५० हर्ट्झची आहे म्हणून. आणि लाईन केव्हा पण जाते, त्यामुळे गोठ्याचा शॉट मी टॉर्चवरच बसवला, टॉर्चसमोर बटर पेपर लावून.

बारावा डबा, नंदी एकटा चालतो तो, स्टॉप मोशन आहे. सेकंदाला १२ फोटो, २.४ सेकंदांना २९ फोटो, प्रत्येक फोटोच्या मधे नंदी बोटभर पुढं सरकवायचा. पहिल्यांदा मी ते भर अंगणात केलं, पाऊण तास लागला, आणि प्ले केल्यावर नंदीपेक्षा त्याची सावलीच जास्त पळत होती, कारण तेवढ्यात सूर्य सरकला, शिवाय मधल्या सहा फोटोंमध्ये आमची कोंबडी आहे. दुसऱ्यांदा ओसरीत केलं, उत्तरेकडं तोंड असलेल्या, जिथं थेट ऊन येतच नाही. फोन दोन विटांमध्ये घट्ट बसवा आणि फोटो इअरफोनच्या बटणानं काढा, स्क्रीनला बोट लावलं की फ्रेम हलते. हळू सुरू, मधे मोठी पावलं, शेवटी परत हळू, असं सरकवलं की नंदी जिवंत वाटते, सारखं अंतर ठेवलं की फक्त ढकलल्यासारखा.

नावाचं पण तसंच. आधी मी फोनवरच अक्षरं एकामागून एक येणारं ॲनिमेशन लावलं आणि 'नंद्या'चं वाटोळं झालं, आधी पाय मोडलेला द, मग बाजूला या, दोन तुकडे. बऱ्याच ॲपची ही अडचण आहे, त्यांना आपली जोडाक्षरं एक अक्षर म्हणून समजत नाहीत. टाइप करायचंच असेल तर पूर्ण शब्द एकत्र आणा, किंवा ह, र, व, ला अशी प्रत्येक अक्षराची वेगळी लेयर करा. फॉन्टसाठी मुक्त आणि बालू हे दोन्ही एक टाइप या संस्थेचे आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, बालू गुबगुबीत आहे म्हणून पोरांना आवडते. माझ्या काकाच्या नऊ वर्षांच्या पोरीनं मात्र हा प्रश्न वेगळाच सोडवला. ती म्हणे, "ताई, मीच लिहून देतो ना भितीवर." सारवलेल्या भिंतीवर तिनं गेरूनं बोटानं नाव लिहिलं आणि मी प्रत्येक फटकाऱ्याला फोटो काढत गेले, आधी सगळी अक्षरं बिनरेघेची, मग टिंब, आणि सगळ्यात शेवटी शाळेत शिकवतात तशी डावीकडून उजवीकडं एक लांब शिरोरेघ. त्या रेघेखाली मी परत चाकांची खडखड लावली. शेवटचा ठोका आणि रेघेचं टोक एकाच फ्रेमवर. अख्ख्या टायटलमधली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच आहे.

बाकी नावं, म्हणजे कलाकार, आवाज वगैरे, चारही कडांपासून ५ टक्के आत ठेवा, जुन्या टीव्हीवर कडा कापल्या जातात. प्रत्येक नाव तिसरीतल्या पोराला मोठ्यानं वाचायला लावा, त्याला लागतो तेवढा वेळ स्क्रीनवर पाहिजे, माझ्याकडे ते दोन सेकंदांच्या खाली आलं नाही. नावं गर्दीच्या शॉटवर टाकू नका, चाक, भिंत, काळोख अशा मोकळ्या जागेवर टाका.

एडिटिंग फोनवर काइनमास्टरमध्ये होते पण फुकटच्यात त्यांचा वॉटरमार्क येतो, मी कॉलेजच्या लॅबमध्ये दा विंची रिझॉल्व्हवर केलं, ते फुकट आहे. फोनचा व्हिडिओ कधी कधी फ्रेमची गती बदलत रेकॉर्ड होतो आणि मग आवाज हळूहळू पुढं-मागं होतो, तसं दिसलं तर आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या. आवाजाची पट्टी आधी टाका, दर १५ फ्रेमला खूण करा आणि चित्रं खुणांवर कापा. प्रत्येक ठोक्यावर कट करू नका, धाप लागते, माझे बरेचसे कट दोन किंवा चार ठोक्यांवर आहेत, फक्त पळण्याच्या डब्यांमध्ये एकेका ठोक्यावर. एक्स्पोर्ट १९२० बाय १०८०, एच.२६४, १२ एमबीपीएस, चाळीस सेकंदांची फाइल साधारण ६० एमबी होते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून खराब करते.

जमा करायच्या आधीची परीक्षा घरीच घ्या. टीव्हीला पेनड्राइव्ह लावा, पोरं अंगणात असताना कोणालाही न बोलावता टायटल सुरू करा आणि तुम्ही दारात उभं राहून बघा. पहिल्या वेळी माझ्याकडे कोणीच आलं नाही, कारण सुरुवातीची खडखड मी फार हळू ठेवली होती, ओसरीपर्यंतच पोचत नव्हती. आवाजाचं मीटर लाल न करता ती वाढवली आणि कोरसमधली पहिली हाक सातव्या सेकंदावरून तिसऱ्यावर आणली. दुसऱ्या दिवशी परत लावलं तर दोघं आले, चिखलाचे पाय तसेच, पूर्ण बघितलं, आणि शिरोरेघ संपल्यावर लहाना म्हणाला, "मंग नंद्या कोनं नेला?" मोठा म्हणाला, "थांब ना, पुढं दाखवन." दोघं काळ्या स्क्रीनकडं बघत बसले. पुढं काहीच नव्हतं ना, फक्त शेवटची दीड सेकंदाची शांतता. तेवढीही जास्त वाटली म्हणून कापून एका सेकंदावर आणली आणि तीच फाइल जमा केली.